धावताना की बसल्यावर

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

श्रीमती हंसाताई पाष्टे यांना सहादेव गमरे याचा सप्रेम नमस्कार.

सार्थक सुखरूप पोचला. ट्रॅव्हल्सवाल्याने त्याला पहाटे गोल्डन नेस्टच्या नाक्यावर उतरवलं, तेव्हा मी तिथे आधीच जाऊन उभा होतो. तुम्ही पाठवलेलं कुळथाचं पीठ आणि सुकट मिळाली. आमच्या इंदूने सुकट डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवली आणि मला बजावलं, "हात लावायचा नाही, पोराची आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने माझ्यासाठी कधी शेंगदाण्याचा लाडूसुद्धा लपवून ठेवला नाही.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. तुमच्या पडवीत बसून मी चहा पीत होतो आणि तुम्ही म्हणालात, "फोनवर सगळेच गोड बोलतात दादा. महिन्याला एक पत्र लिहायचं, स्वतःच्या हाताने. कागदावर खोटं लिहायला माणसाला जड जातं." तुमच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं हे मला कळलं. कुठला कोण म्हातारा, फुटबॉलच्या नादाने तुमच्या दारात आला आणि मुलगा मागू लागला. तुम्ही मला काठी घेऊन हाकललं नाहीत हेच खूप. तर हे पहिलं पत्र. अक्षर वाईट आहे, त्याला इलाज नाही. उभा जन्म स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर गेला, त्यामुळे बोटं अजून थरथरतात.

आता मुलगा कुठल्या वेड्यांच्या तावडीत सापडलाय ते सांगतो. आमचा क्लब 'नवखार बॉइज'. खारी हे जुनं आगरी गाव, मिठागरांचं. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधोमध आमचं मैदान कसंबसं उरलंय. समोरचे संघ आम्हाला 'खारे दाणे' म्हणून चिडवतात. आम्हीही निर्लज्ज. प्रत्येक सामन्याला खिसे भरून खारे दाणेच घेऊन जातो. जिल्ह्याच्या लीगमध्ये आम्ही दुसऱ्या गटात आहोत. मी तरुण होतो तेव्हाही दुसऱ्याच गटात होतो. पहिल्या गटात नवखारचं नाव लागलेलं बघायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, असं मी दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी इंदू म्हणते, "मग तुम्ही शंभरी गाठणार."

पण यंदा गोष्ट वेगळी आहे, ताई. जुलैत मी माणगावला भाचीच्या साखरपुड्याला गेलो आणि साखरपुडा सोडून बाजूच्या शेतातली चिखलातली स्पर्धा बघत बसलो. तिथे तुमचा मुलगा दिसला. गुडघाभर चिखल, सगळे घसरतायत आणि हा डाव्या पायाने चेंडू असा घेऊन चाललाय की जणू त्याच्यापुरती जमीन कोरडी आहे. माझा चहा हातातच गार झाला. भाचीची सासू अजून माझ्याशी बोलत नाही.

त्याच्या जेवणाची काळजी करू नका. आमच्याकडे जुनी रीत आहे. बाहेरून आलेल्या खेळाडूला रोज एक घर जेवायला घालतं, पाळीने. सोमवारी नाथाबाबांकडे तांदळाची भाकरी आणि कालवण, मंगळवारी आमचे अध्यक्ष ईश्वरभाई यांच्याकडे. ते गुजराती, केबिन रोडला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे थेपले आणि कढी. असा आठवडा भरतो. आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ज्या घरी जेवण, त्याच घराने त्याची जर्सी धुवायची आणि दुसऱ्या दिवशी घरच्या कर्त्याने ती स्वतःच्या हाताने मैदानावर न्यायची. खेळाडू आपली जर्सी आपण कधी नेत नाही. या रीतीवरून आमच्याकडे भांडणं झालेली आहेत, कारण चांगल्या खेळाडूची जर्सी धुवायला सगळ्यांनाच हवी असते.

सार्थक आमच्याकडेच राहतो. आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. सार्थक वर येताना दर वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी थांबतो. तिथून मैदान दिसतं. बराच वेळ बघत उभा राहतो. मी इंदूला म्हटलं, बघ, याला म्हणतात खेळाडू, मैदान दिसल्यावर याचा पाय पुढे उचलत नाही.

धाकट्या संचिताला सांगा, शाळेच्या शर्यतीत पुन्हा पहिली आली की मला कळव. तिच्या मापाचे धावायचे बूट केबिन रोडला बघून ठेवलेत.

आपला,
सहादेव गमरे


खारीगाव
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

हंसाताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. भाताची कापणी तोंडावर आलीय आणि हाताशी माणूस नाही, हे वाचून वाईट वाटलं. त्यात तुमचा मुलगा आम्ही उचलून आणला. पण ताई, ऐका.

दोन सामने झाले आणि दोन्ही जिंकले! पहिल्यात सार्थकचा गोल, दुसऱ्यात तर पहिला त्याचा आणि दुसरा त्याने दिलेला. नाथाबाबा मैदानाची देखभाल करतात, वय झालंय, कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नाही. ते विडी विझवून म्हणाले, "ह्यो पोऱ्या साधा न्हाय, सहादेव. ह्याच्या डाव्या पायात कायतरी हाय." ईश्वरभाईंनी तर मला मिठीच मारली. "सहादेवभाई, ये लडका अपने को ऊपर लेके जायेगा. लिखके लो." मी म्हटलं, लिहायचं काम माझ्याकडेच आहे.

आता केबिन रोडवरून जाताना लोक त्याला नावाने हाक मारतात. वडापाववाला पैसे घेत नाही. तो लाजतो, मान खाली घालून चालतो, पण घरी आल्यावर इंदूला सगळं सांगतो, कोण काय म्हणालं ते. तुम्ही त्याचा चेहरा बघायला हवा होता.

एक किरकोळ गोष्ट. इंदू म्हणाली लिहा, म्हणून लिहितो. पोराने नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरले, त्यात अनवाणी. तुमच्या ग्रामदेवीचं आहे म्हणाला, त्यामुळे आम्हाला काही बोलता येईना. ईश्वरभाईंच्या घरी फराळाचं ताट वाढलं तर त्यातलंही निम्मं ठेवायचा. मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी सरावाच्या वेळी त्याला जरा घेरी आली. पाणी मारलं, साखर तोंडात घातली, उठला, हसला. सगळ्यांनी मिळून त्याला भरपूर शिव्या घातल्या. दसऱ्याला आमच्याकडे अशोक विजयादशमी असते, गोडधोड होतंच. इंदूने त्याला खीर वाढली आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून उठली नाही. आता एकदम ठीक आहे. काळजीचं कारण नाही.

यंदा खरंच वाटतंय ताई. मी हे दर वर्षी म्हणतो, पण दर वर्षी म्हणताना आतून माहीत असतं की होणार नाही. यंदा ते आतलं काही बोलत नाही.

आपला,
सहादेव


खारीगाव
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

हंसाताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळीला गावी गेलेल्या माणसाबरोबर तुम्ही पाठवलेलं पत्र आणि पोहे मिळाले. उत्तराला उशीर झाला, माफी असावी.

आधी सामन्यांचं सांगतो. आम्ही एक हरलो, एक बरोबरीत सुटला, बाकी सगळे जिंकले. आता वर चौकचा संघ आहे आणि त्यांच्या खाली आम्ही. चौक म्हणजे उत्तनच्या बाजूला, समुद्राला लागून. सगळे कोळ्यांचे पोरगे, दिवसा होड्यांवर जाणारे, अंगाने दणकट. शेवटचा सामना त्यांच्याशी, त्यांच्याच मैदानावर, ३० तारखेला. जो जिंकेल तो पहिल्या गटात. लीगवाल्यांनी हे वेळापत्रक माझा जीव घ्यायलाच काढलंय असं मला वाटतं. चौकच्या मैदानावर वारा समुद्राकडून येतो, उंच मारलेला चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही. पण सार्थक चेंडू जमिनीवरून नेतो. म्हणून मला आशा आहे.

त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवण कुणाकडे, यावरून वादावादी झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि आमचं घर निघालं! म्हणजे चौकच्या सामन्याची जर्सी इंदू धुणार आणि मी नेणार. मी चिठ्ठी उघडली तेव्हा नाथाबाबा म्हणाले, "तुझं नशीब हाय." मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, आनंदाने.

इंदूने पोह्यांचा चिवडा केला. सार्थकचा डबा भरून ठेवलाय. त्याचं वजनही थोडं वाढलंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सार्थकच्या बाबांना तरुणपणी अधूनमधून घेरी यायची, हे मला माहीत नव्हतं. शिमग्याला पालखी नाचवताना ते पडले ते उठलेच नाहीत, सगळे म्हणाले ऊन लागलं, आणि तुम्हीही तेच मानून घेतलंत. संचिता तेव्हा तुमच्या पोटात होती, हेही तुम्ही लिहिलंत.

शेवटी तुम्ही एकच गोष्ट विचारलीत. सार्थकला घेरी आली ती धावताना की बसल्यावर. "दादा, बाकी काही नका लिहू, एवढंच लिहा," असं लिहिलंत.

मी बाकीचंच जास्त लिहिलं, हे मला दिसतंय.

इथे खाडाखोड झाली आहे, क्षमस्व. पेन नीट चालत नाही.

बसल्यावर. सराव संपल्यावर कडेला बसला होता, उपाशीपोटी. तेव्हा काळजी नसावी.

सामना जिंकलो की तुम्हाला नि संचिताला इथे आणणार, हे नक्की. मी स्वतः न्यायला येईन.

आपला,
सहादेव गमरे


खारीगाव
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, दुपार

हंसाताई,

संध्याकाळी म्हसळ्याची ट्रॅव्हल्स सुटते. हे पत्र आणि सोबतची पिशवी ड्रायव्हरच्या हातात द्यायची आहे. तो उद्या सकाळी तुमच्या वाडीच्या फाट्यावर उतरवून देईल, त्याला नीट बजावलं आहे. सकाळपासून तुमचा फोन लावतोय, लागत नाही. लागला असता तरी हे पत्र लिहिलंच असतं, कारण मी खोटं कागदावर लिहिलं होतं.

मागच्या पत्रातली जी खाडाखोड आहे, तिच्या खाली आधी खरा शब्द होता. तो मी खोडला. पेन चांगलं चालत होतं.

पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी तो पुन्हा पडला होता. हे मी तुम्हाला लिहिलं नाही. सरावात चेंडू डावीकडून घेऊन निघाला, कॉर्नरच्या झेंड्यापाशी पोचला आणि पाय दुमडले. नवरात्रात साखर दिल्यावर लगेच उठला होता. या वेळी उठला नाही. नाथाबाबा त्याच्या तोंडावर पाणी मारत होते आणि "ऊठ रं, ऊठ रं बाला" म्हणत होते. त्यांची विडी गवतात पडून तशीच धुमसत होती, ती मी का बघत बसलो कोण जाणे. मग त्याने डोळे उघडले. पहिल्यांदा माझा हात धरला. "काका, आईला लिहू नका. आई बोलावून घेईल." नाथाबाबांनाही त्याने शपथ घातली. या वेळी उपवास नव्हता, ताई. सकाळीच इंदूने त्याला भाकरी नि अंडी खायला घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर तुमचं पत्र लिहायला बसलो तेव्हा तो समोर न्याहारी करत होता. मी खरा शब्द लिहिला. त्याने वर बघितलं. आधी कागदाकडे, मग माझ्याकडे. त्याच्या माथी सगळं मारू नये म्हणून हेही लिहितो, त्याने बघितलं नसतं तरी मी तो शब्द खोडला असता. तुम्ही त्याला परत नेलं असतंत. आणि मला तो चौकच्या मैदानावर हवा होता.

इंदूने मात्र माझं तोंड बघून ओळखलं. माझी पुतणी मिनल नर्स आहे, तिला तिने बोलावून घेतलं. परवा, गुरुवारी, मिनल सार्थकला नि मला घेऊन तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेली. छातीला पट्ट्या लावून आलेख काढला, मग छातीची सोनोग्राफी केली. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झालाय, जन्मापासून हळूहळू होत जातं, जोरात धावलं की ठोक्यांचा ताल बिघडतो. आजपासून खेळ बंद. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. गोळ्या आहेत, उपाय आहेत, नीट राहिला तर काम करेल, लग्न करेल, म्हातारा होईल. फक्त असं धावायचं नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी असं अचानक गेलंय का?"

सार्थक म्हणाला, "नाही."

मी बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो. तुमचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं, कारण ते मी घरी ठेवू शकत नव्हतो. मी गप्प बसलो. हे पण लिहितो, कारण तुम्हाला सगळं कळायला हवं. मी तिथेही गप्प बसलो.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, "भावंडं?"

"एक बहीण आहे," सार्थक म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला. "नववीत आहे. तालुक्याला धावण्यात पहिली येते, सर."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग मिनलकडे. म्हणाले, "तिचं धावणं आधी थांबवा. तपासणी होईपर्यंत एक पाऊलही नाही."

तेव्हा माझ्या तोंडून पालखीचं निघालं. याचे बाबा पालखी नाचवताना पडले, असं मी म्हणालो. सार्थकने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. हे मला ठाऊक आहे हेच त्याला माहीत नव्हतं. परत येताना रिक्षात तो माझ्या बाजूला बसला नाही, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसला.

तरीसुद्धा ताई, पुढचं ऐका. डॉक्टरांचं कळल्यावर त्या संध्याकाळी ईश्वरभाई आमच्या घरी आले. वाईट माणूस नाही तो, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "एक मॅच, सहादेवभाई. सिर्फ आधा टाइम खिलाते हैं. डॉक्टर लोग तो बोलते ही हैं. बाद में पूरा इलाज मेरे ऊपर." सार्थकनेही तेच लावून धरलं. "काका, एवढा एकच. मग कायमचा बसतो. आईची शपथ." आणि मी हो म्हणालो. डॉक्टरांचं सगळं ऐकून आलेला मी, हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस मी मनात सामना खेळवत होतो. उत्तरार्धात उतरवायचा, वाऱ्याच्या दिशेने, चेंडू पायाशी द्यायचा म्हणजे फार पळावं लागणार नाही. मला तो गोल हवा होता. आयुष्यभर एवढं काही मागितलं नाही.

आज सकाळी इंदूने जर्सी धुतली. आज जेवणाची पाळी आमची, चिठ्ठीत निघाली ना. नऊ नंबरची निळी जर्सी गॅलरीच्या तारेवर घातली, चिमटे लावले, आणि ओल्या हातांनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "उद्या ही तुम्ही नेणार? तुमच्या हाताने?"

मी म्हटलं, "रीत आहे."

ती म्हणाली, "पोरगं पडलं तर त्याच्या आईकडे पण तुम्हीच घेऊन जाणार काय, रीत म्हणून?"

इंदू माझ्याशी कधी या आवाजात बोलली नव्हती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली मैदानावर कुणीतरी पोरं खेळत होती. मग आत येऊन लीगच्या कचेरीत फोन केला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं आणि मिनलकडून कागदही पाठवायला लावला. अर्ध्या तासात त्यांचा उलट फोन आला. सार्थक पाष्टेचं नाव उद्याच्या यादीतून काढलंय. डॉक्टरांच्या सहीशिवाय यापुढे कुठल्याही संघातून त्याला उतरता येणार नाही. मी धन्यवाद म्हणालो आणि खाली बसलो.

हे क्लबमध्ये अजून कुणाला माहीत नाही. सार्थकलाही नाही. तो केबिन रोडला बूट शिवायला घेऊन गेलाय, उद्यासाठी. येईल आता. जेवायला बसायच्या आधी सांगणार आहे, भरल्या ताटावरून उठायला लागू नये म्हणून. माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. मला भीती वाटते ती तो काहीच बोलला नाही तर.

मग क्लबला कळेल. सगळ्या हंगामावर एका म्हाताऱ्याने पाणी फिरवलं म्हणतील, आणि ते खरंच आहे. नाथाबाबा बहुतेक समजून घेतील, बाकीच्यांचं सांगता येत नाही. मी उद्या चौकला जाणार आहे. कुणी रिक्षात घेतलं नाही तर बसने जाईन आणि एका कडेला उभा राहीन. हरले तरी माझाच संघ आहे. दाणे घेऊन जाणार.

पिशवीत ती जर्सी आहे. अजून थोडी ओलसर आहे, उन्हात घाला. आमच्या रीतीप्रमाणे ती माझ्या हातातून जायची होती, म्हणून ती मी तुमच्याकडे पाठवतोय. तुमच्याकडे असली की माझं मन पुन्हा फिरणार नाही. संचितासाठी घेतलेले बूट मात्र पाठवलेले नाहीत. ते दुकानदाराला परत केले.

आता तुम्ही काय करायचं ते लिहितो. हे वाचलंत की आधी संचिताला शाळेच्या मैदानावरून घरी आणा. उद्या रविवार असला तरी सरावाला जात असेल तर थांबवा. मग टेकडीवर जाऊन मला फोन करा. सोमवारी दोघींनी निघायचं. मिनलने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन्ही मुलांना दाखवायचं ठरवून ठेवलं आहे. राहायला आमचं घर आहे, इंदूने पांघरुणं काढून ठेवली आहेत. माझ्या घरी राहायची तुमची इच्छा नसली तर तेही मला समजेल, मिनलकडे व्यवस्था होईल. पण या.

आणि सार्थकशी बोला. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. त्याला सांगा की डाव्या पायात जे आहे ते तसंच राहणार आहे, ते कुणी यादीतून काढलेलं नाही. मला हे त्याला नीट सांगता येणार नाही, मी रडेन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी लिहीन असं ठरवलं होतं, कारण ते लिहिलं की मग माझ्याकडे लपवायला काही उरत नाही.

जिन्यात पावलं वाजतायत. त्याचीच आहेत, मला ओळखू येतात. इंदू पिशवी घेऊन दारात उभी आहे, मी कागद कधी देतो म्हणून. पावलं थांबली. तिसरा मजला. इतके दिवस मी समजत होतो की तो खिडकीतून मैदान बघतो. तो श्वास घ्यायला थांबायचा, ताई. आम्ही वरून हाका मारायचो, "ये लवकर, जेवण गार होतंय," आणि तो आमच्यासाठी उरलेल्या पायऱ्या चढून यायचा.

आज हाक मारत नाही. मीच खाली जातो आणि त्याच्याजवळ पायरीवर बसतो.

धावताना. दर वेळी धावताना.

सहादेव गमरे